रोजची भाकर

ख्रिस्ती प्रार्थनेतील एक मागणी व तिच्यामागील शिकवण. देवाला पहिले स्थान द्यावे आणि अन्नवस्त्राची चिंता त्याच्यावर सोपवावी, हा तिचा आशय.

शास्त्राधार : डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय 6) येशू पाखरांचे व रानफुलांचे दाखले देऊन देवाच्या राज्याचा ध्यास आधी आणि गरजांचा विचार नंतर, असा क्रम लावतो. याच अध्यायातील प्रभूच्या प्रार्थनेत ही मागणी येते. तेथील ‘एपिऔसिओस’ या दुर्मीळ ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘आजच्यापुरती’ किंवा ‘उद्याची’ असा दोन्ही प्रकारे लावतात. इस्राएल लोकांनी रानात रोजच्यापुरताच वेचलेला मान्ना (निर्गम, अध्याय 16) ही या मागणीची पार्श्वभूमी. मराठी बायबलने येथे ‘भाकर’ हा शब्द योजला. ज्वारी, बाजरी आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्या खानदेशात तो थेट चुलीशी जाऊन भिडतो.

परंपरा : ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर (1805–1898) यांनी कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथगृहे चालवली. त्यांच्या चरित्राचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर (1858–1922) पडला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंनी प्रार्थनेबरोबर विहिरी खोदवल्या, शेती केली, छापखाना व हातमाग चालवले.

खानदेश : निश्चित पगाराची हमी न घेता देवावर विसंबून काम करणाऱ्या मिशनांचा वारसा येथेही पोहोचला. जळगाव जिल्ह्यातील भुसावळ परिसरात ए. बी. सिम्पसन यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या अलायन्स मिशनने काम केले. धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम रुजले. भिल्ल व अन्य आदिवासी समाजांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या.

अर्थविचार : भरवसा म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. कोरडवाहू शेतकरी नांगरतो, पेरतो, मग आभाळाकडे पाहतो. या शिकवणीतली श्रद्धाही तशीच कष्टाळू आहे. प्रेषित पौल काम टाळणाऱ्यांना खडसावतो. भुकेल्याला नुसते आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास याकोबाच्या पत्रात निर्जीव ठरतो. शिवाय ही भाकर ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ मागितलेली आहे. म्हणून ती मागणाऱ्यावर शेजारच्या थंड चुलीचीही जबाबदारी येते.