नकाशावरची रेघ कोणी ओढली?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर गटाच्या बैठकीत जमिनीचा विषय निघाला, की आम्हाला हमखास ऐकू येतं, "कसतो आम्ही, पण नकाशात ती जंगलाची." ही रेघ नकाशात आली कशी, ते आज बोलू.

आधी जरा लांब, आफ्रिकेत जाऊ. १८८४ साली जर्मनीत, बर्लिनला, युरोपातल्या सरकारांची परिषद भरली. बोलणं आफ्रिका खंडाचं, पण एकाही आफ्रिकी माणसाला बोलावणं नव्हतं! पुढच्या तीसेक वर्षांत जवळजवळ सगळा खंड त्यांनी वाटून घेतला. कित्येक सीमा तर पट्टी ठेवून ओढल्या. भाऊबंद एका रेघेच्या अलीकडे, पलीकडे झाले.

आपल्याकडे १८१८ला पेशवाई गेली नि इंग्रज आले. १८३५च्या सुमारास त्यांनी इंदापूरपासून शेतांची नवी मोजणी सुरू केली. हातात ३३ फुटांची साखळी. आपला गुंठा त्याच मापाचा, ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. असे ४० झाले की एकर. हेतू सारा ठरवण्याचा. तरी शेतकऱ्याला सर्व्हे नंबर मिळाला, कागदावर नाव लागलं. बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाचं, हे वेगळं सांगायला नको.

जंगलात मात्र उलटं झालं. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलं ठरू लागली. जाहीरनामा निघायचा, मुदतीत दावा केला नाही तर हक्क बुडाला. ज्यांनी कधी कागद हाती धरला नाही, त्यांनी मुदत कशी पाळायची? मोह, डिंक, सरपण गोळा करणारी बाई तर त्या नकाशात कुठेच नव्हती.

२००६च्या वन हक्क कायद्यात दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असेल तर दावा करता येतो. जुनी विहीर, बांध, देवाचं ठाणं, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. वन हक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. आणि लग्न झालेलं असेल तर पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. घरात पट्टा असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, आपलं नाव त्यात आहे का ते मिळून वाचू.