घरचे दप्तर

विषयाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात सर्वांत जुने पत्र कोणते आहे? बहुतेक घरांत याचे उत्तर निघेल. आजोबांचे पोस्टकार्ड, फौजेतल्या काकांचे आंतर्देशीय, कोणाच्या लग्नाची तार. माळ्यावरच्या पेटीत असेल, तारेला अडकवलेले असेल, कडा पिवळ्या पडल्या असतील, पण आहे. आता दुसरा प्रश्न. २००० सालचे पत्र कोणते आहे? येथे मात्र आपण घुटमळतो. त्या काळी पत्रे लिहिली गेली नाहीत असे नव्हे. पण पुष्कळांनी ती संगणकावरून धाडली, ई-मेल म्हणून. आणि ती आज कोठे आहेत हे सांगता येत नाही.

इतिहासाच्या भाषणात संगणक कशाला, असे आपण म्हणाल. तर आधी माझ्याच घरची हकीकत ऐका.

माझा धाकटा भाऊ १९९८ साली नोकरीसाठी परदेशी गेला. आम्ही तेव्हा नवी मुंबईत, कळंबोलीला तळमजल्यावर राहत होतो. परदेशी फोन करणे खिशाला परवडत नसे. म्हणून आठवड्यातून एक ई-मेल यायची. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. कारण त्या वेळच्या संगणकावर देवनागरी लिहिणे म्हणजे मोठी खटपट. आई गावी, माणगाव तालुक्यात. तिला रोमन अक्षरे येत नव्हती. मग मी काय करी, रविवारी बसून त्यांतले एखादे पत्र देवनागरीत हाताने उतरवून काढी आणि टपालाने आईला पाठवी. आळसही खूप केला. विसातले एखादे उतरवले असेल नसेल.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि आमच्याकडेही घरात कमरेइतके पाणी शिरले. गाद्या वाचवल्या, धान्य वाचवले. संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता, तो कोणाच्या ध्यानातच आला नाही. सात वर्षांची पत्रे गेली. भावाला विचारले, तर त्याने ती कंपनीच्या पत्त्यावरून लिहिलेली. नोकरी बदलली तसा तो पत्ताही बंद झाला. आई गेल्यावर तिची पेटी उघडली. तीत फडक्यात बांधून ठेवलेली, माझ्याच अक्षरातली सतरा पत्रे निघाली. तेवढीच आज आमच्याकडे आहेत.

वडील २००१ मध्ये वारले. भावाला येता आले नाही. त्या रात्री त्याने मला एक लांबलचक पत्र लिहिले होते. आईला वाचून त्रास होईल म्हणून तेवढे मी उतरवले नाही. आज ते कोठेच नाही. भाऊ म्हणतो, मी काय लिहिले होते ते मलाही आठवत नाही.

आता या घरगुती गोष्टीतून आपण इतिहासाकडे वळू. कारण हुबेहूब हेच आपल्या राज्यांच्या कागदांचे झाले आहे.

दप्तर म्हटले की आजच्या मुलांना शाळेची पिशवी आठवते. पण दप्तर म्हणजे मुळात कागदपत्रांचा संग्रह. कागद कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आजही आहेत. मात्र त्याआधीचे स्वराज्याचे मध्यवर्ती दप्तर आपल्याला मिळालेले नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तेथील कागदांचा नाश झाला. पुढे १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. त्या धामधुमीत सिंहगडाच्या पायथ्याचे गाव पेटवण्यात आले आणि तेथे असलेले पुष्कळ सरकारी कागद जळून गेले. म्हणजे ज्या गडावर कागद सर्वांत सुरक्षित असे वाटत होते, तेथेच ते एकदम गेले.

तरीदेखील आज आपण शिवकालाचा इतिहास लिहितो. तो कशाच्या आधारावर? परक्यांच्या बखारींतले कागद आहेत, दरबारी तवारिखा आहेत. पण मोठा आधार आहे तो घरांचा. पत्र ज्याने लिहिले त्याच्याकडचा मसुदा जळाला, तरी ज्याला लिहिले त्याच्या वाड्यात ते राहिले. देशमुखांच्या, देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या, मठांच्या पेट्यांत राहिले. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली जपलेली होती. शकावली म्हणजे सालवार घडलेल्या गोष्टींची टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, असे तीत नोंदलेले आहे. त्यावर अनेक वर्षे वाद झाला, इतर पुरावे तपासले गेले, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. राजधानीचे दप्तर गेले होते. एका घरचे दप्तर कामाला आले.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी मुद्दाम सांगतो. हे कागद बाहेर कोणी काढले? मिरजेच्या शाळेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे संस्कृतचे शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे वाचली, निवडली, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध करायला लागले. पानिपतानंतरच्या मराठी राज्याचे चित्र त्यामुळे स्पष्ट झाले. दुसरे इतिहासाचार्य राजवाडे. ते गावोगाव हिंडून कागद मिळवीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यात १७५० ते १७६१ पर्यंतची पत्रे आहेत; आणि पुढे असे बावीस खंड झाले. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच कामासाठी.

एवढे पुरे. आता तोच हिशेब संगणकाला लावून बघू.

ई-मेलची सुरुवात १९७१ मधली. अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून शेजारच्या संगणकाला निरोप धाडला. पत्त्यातले ते वेटोळ्याचे चिन्ह त्यानेच निवडले. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरून चाले, आणि जितका वेळ जोडलेले राहाल तितके पैसे पडत. म्हणून लोक काय करीत? फोन जोडायचा, आलेली टपाल झटपट घरच्या संगणकात उतरवून घ्यायची, फोन तोडायचा, आणि मग निवांत वाचायचे. तिकडच्या टपालपेटीत जागाही बेताचीच, तेव्हा इकडे उतरले की तिकडचे पुसले जाई. ध्यानात घ्या, पत्राची एकच प्रत उरे आणि ती घरच्या डब्यात. डबा बुडाला की पत्र बुडाले. आमचे झाले ते असे.

पुढे वारा उलटा फिरला. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले आणि पूर्वी कोणी फुकट दिली नव्हती एवढी जागा ग्राहकाला दिली. लोक म्हणाले, आता घरी कशाला उतरवायचे? राहू दे तिकडेच. म्हणजे घराघरांतली दप्तरे पुन्हा गडावर गेली. गड मजबूत आहे हे खरे. पण फेब्रुवारी २०११ मध्ये एका चुकीमुळे काही खातेदारांच्या पेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या. दहा हजारांत दोन, एवढेच. तरी ज्याची पेटी रिकामी, त्याचे तर सगळेच गेले. मौज अशी की ती पत्रे परत आणली ती कशावरून? निराळ्या ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी दुसऱ्या जागी ठेवलेली प्रतच कामाला आली. शिवाय २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की दोन वर्षे जे खाते कोणी उघडले नाही ते पुसून टाकले जाऊ शकते. घरातले माणूस निवर्तले, त्याचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, दोन वर्षे सरली, की त्याचा पत्रव्यवहारही गेला. हा धोका पुरापेक्षा मोठा आहे, कारण त्याचा आवाज होत नाही.

आणखी एक धोका आहे, तो लिपीचा. तुमच्या घरी पणजोबांचे कागद असतील तर ते बहुधा मोडीत असतील. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत. पुढे ती मागे पडली. कागद धड आहे, शाई धड आहे, पण वाचणारा नाही. संगणकातही मोडी असते बरे का! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फॉन्ट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी होती. तो फॉन्ट नसेल तर आज त्या पत्राच्या जागी नुसती खुणांची रांगोळी दिसते. पुढे युनिकोड नावाची सर्वमान्य पद्धत रुळली आणि हा घोळ मिटला. पण आधीचे लिखाण कोणीतरी बसून बदलून घ्यावे लागते. आईसाठी मी रोमनचे देवनागरी करीत होतो, तसेच.

मग करायचे काय? चार गोष्टी सांगतो. अवघड काही नाही. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी एका दुपारी करून देईल.

पहिली, पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्या. जीमेल असेल तर टेकआऊट नावाची सोय आहे. ती सारी टपाल एका गठ्ठ्यात देते. त्या गठ्ठ्याला एमबॉक्स म्हणतात. हा प्रकार जुना आणि सर्वांना खुला आहे. थंडरबर्डसारखे फुकट मिळणारे कार्यक्रमही तो वाचू शकतात. ज्या गाठोड्याची गाठ एकाच कंपनीला सोडवता येते, त्यात घरचे कागद बांधू नयेत.

दुसरी, प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक शहरातल्या घरी, एक गावच्या घरी. नवी मुंबईत राहणाऱ्यांना तर हे सहज जमेल, कारण तेथे बहुतेकांचे एक पाऊल गावात असतेच. प्रत घ्यायची ती वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्याचा भरवसा नाही. आणि एकाच घरात दोन प्रती ठेवल्या तर पुराला त्या दोन्ही सारख्याच.

तिसरी, वर्षातून एकदा उघडून पाहा. पावसाळा सरला की आपण पापड-लोणच्यांच्या बरण्या, गाद्या, पुस्तके उन्हाला दाखवतो. दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतात. त्याच दिवसांत ही डिस्क जोडावी, चार पत्रे उघडून वाचावीत, नवी टपाल भरावी. डिस्क जुनी झाली असेल तर नवीवर उतरवावी. परवलीचा शब्द कागदावर लिहून, जेथे घराची कागदपत्रे असतात तेथे ठेवावा आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावा.

चौथी, फार निवडत बसू नका. पेशवे दप्तरात नुसती राजकारणाची पत्रे नाहीत. रोजकीर्दी आहेत, हिशेब आहेत. ज्याने तांदळाचा भाव लिहिला त्याला वाटले नसेल की दोनशे वर्षांनी कोणी तो अभ्यासील. तसेच तुमचे विजेचे बिल, मुलाच्या परीक्षेचे वेळापत्रक, ‘पोचलो’ एवढेच लिहिलेला निरोप, सारे राहू द्या. अंगठ्याएवढ्या जागेत मावते. मात्र पत्रांत दुसऱ्याची गुपितेही असतात. जपणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे, एवढा विवेक ठेवावा.

शिक्षकांना शेवटची विनंती. एखाद्या शनिवारी मुलांना सांगा, घरातले जुन्यात जुने पत्र शोधून त्यावरची तारीख, गाव आणि विषय वहीत लिहून आणा. मूळ कागद शाळेत आणू नका. मग विचारा, तुमच्या आई-वडिलांचे पहिले ई-मेल कोणते? मुले घरी जाऊन विचारतील. कोणाच्या तरी घरी जुना संगणक भंगारवाल्याकडे जायचा थांबेल.

माझी ती सतरा पत्रे मी संगणकात भरली आहेत. एक प्रत भावाकडे धाडली, एक गावी पुतण्याच्या कपाटात आहे. अठरावे मात्र नाही. त्या रात्री ते उतरवायला मला अर्धा तास लागला असता. आईला पाठवले नसते तरी चालले असते. उतरवून नुसते ठेवायला हवे होते.