दर्या, दऱ्या आणि संगणकाचा कळफलक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्या दक्षिणेकडील सौंसर व पांढुर्णा हे तालुके त्यामुळे नागपूरच्या शेजारी असूनही हिंदी राज्यकारभारात नांदू लागले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले. तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी ही येथील जुनी रीत बदलली नाही. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच. तेव्हा एकच यंत्र दोहोंना पुरावे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते.

ते पुरत नाही, हे लिहिणाऱ्यास लगेच कळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीविषयी कोणी लिहू लागला, तर पहिल्याच वाक्यात ‘पोळ्याच्या’, ‘दुसऱ्या’, ‘होणाऱ्या’ हे तीन शब्द अडतात. मराठीचा ‘ळ’ आणि ‘ऱ्य’मधला तो आडवा अर्धा र मानक हिंदीच्या लेखनात येत नाहीत, म्हणून हिंदी टंकलेखनाच्या सरावात बोटांना त्यांची ओळखच होत नाही. पुष्कळ लेखनिक मग रफारावर भागवतात. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी एक नव्हे. शेतकऱ्याच्या अर्जातला हा फरक शोभेचा खास नाही.

संगणकाच्या आधी टंकयंत्र होते. त्याच्या मोजक्या कळांवर सारी देवनागरी बसवावयाची, म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. पुढे त्याच वळणाची मांडणी संगणकावर कृतिदेवसारख्या फॉन्टांतून आली. तीत ‘पांढुर्णा’ या गावाच्या नावातील शेवटचे अक्षर असे उमटते : आधी अर्धा ण, मग तो पूर्ण करणारा दंड, मग आकाराचा दुसरा दंड आणि अखेरीस रफार. उच्चारात जो र आधी येतो, तो लिहिताना सर्वांच्या शेवटी. ऱ्हस्व वेलांटीचे याच्या उलट. ती अक्षराच्या आधी. जोडाक्षराचे ज्ञान यंत्राजवळ नव्हते, ते माणसाने बोटांत साठवावयाचे होते.

ही गाठ सोडविण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत झाले. तेथील प्रयत्नांत मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी समान कळफलक ठरविला, तोच ‘इन्स्क्रिप्ट’. १९८८ साली पुण्यास सी-डॅकची स्थापना झाली आणि संगणकात बसविण्याच्या जिस्ट कार्डातून ही विद्या बाजारात आली. १९९१ साली ‘इस्की’ संकेतावलीस भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘र्णा’ लिहावयाचा तर र, पायमोड, ण, काना, म्हणजे उच्चाराचाच क्रम. कळा मोजल्या तर इथेही चारच. श्रम वाचले ते बोटांचे नव्हेत, स्मरणाचे. रफार कोणत्या जागी चढवावयाचा, हे यंत्र पाहते.

या मांडणीतील खरी कुशलता मात्र वरच्या थरात आहे. र च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ऱ’, ल च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ळ’. सौंसरच्या कचेरीत दिवसभर हिंदी लिहिणाऱ्याला या अक्षरांचा उपद्रव नाही, आणि संध्याकाळी त्याच यंत्रावर मराठी मंडळाचे पत्र लिहिणाऱ्याला ती जिथे शोधावी तिथेच सापडतात. सॉफ्टवेअरमध्ये सोपेपणा हवा की सोयी अधिक हव्यात, हा वाद घालणाऱ्यांनी ही एक जोडकळ पाहावी.

असे असूनही टंकयंत्राचे वळण हटले नाही. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्टबरोबर रेमिंग्टन गेल ही जुन्या वळणाची मांडणीही ठेवावी लागली. ज्याने वर्षभर घाम गाळून रेमिंग्टन आत्मसात केले, त्याला तेच सोपे, आणि त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पुढे इंग्रजी कळांवर उच्चारानुसार मराठी लिहिण्याची पद्धत आली. तीत काहीच शिकावे लागत नाही, हा तिचा गुण. पण रोमन अक्षरांत दर्या आणि दऱ्या एकच होतात, आणि आडव्या र साठी वेगळी खूण ध्यानात ठेवावी लागते किंवा सुचविलेल्या शब्दांतून निवड करावी लागते. शिकणे टळले नाही, फक्त पुढे ढकलले गेले.

काही सोयी इतक्या आत दडविल्या गेल्या की त्या असून नसल्यासारख्या झाल्या. मराठी वळणाचे ल आणि श हे त्याचे उदाहरण. अलीकडच्या काही फॉन्टांत हिंदी व मराठी ही दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच मराठी रूप उमटते. हे सांगावयाचे असते, हेच सामान्य लेखकाला कोणी सांगितलेले नसते.

ग्रंथालयांना भिडणारी अडचण याहून बारीक आहे. इस्कीच्या पायावर युनिकोडमध्ये देवनागरी आली आणि फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होण्याची १९९० च्या दशकातील आपत्ती सरली. मात्र आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला पायमोड देऊन, किंवा साध्या ‘र’ला पायमोड देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द होत. सूचीकाराने ‘वऱ्हाड’ एका प्रकारे नोंदविले आणि वाचकाने दुसऱ्या प्रकारे शोधले, तर पुस्तक कपाटात असूनही ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येऊ शकते. शोधण्याआधी दोन्ही रूपे एक करून घेणे सूचीच्या सॉफ्टवेअरला शक्य आहे, आणि ते काम त्याचेच. ज्या ग्रंथालयात ते होत नाही, तेथे पांढुर्ण्याहून आलेल्या वाचकाने ग्रंथपालाला तोंडी विचारावे. ग्रंथपाल उठून कपाटातून पुस्तक काढून देतो.