कराडचे वकीलसाहेब

आमचे आजोबा यशवंतराव चव्हाणांना शेवटपर्यंत ‘वकीलसाहेब’च म्हणत. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री ही पदं दिल्ली-मुंबईच्या लोकांसाठी. कराडच्या त्यांच्या पिढीला आठवे तो 1941 साली पुण्याहून एलएल.बी. होऊन आलेला देवराष्ट्र्याचा पोरगा. बाप लहानपणीच गेलेला, आई विठाबाईंनी कष्टानं वाढवलेला. आता घरात चार पैसे येतील, असं सगळ्यांना वाटलं होतं.

वकिली जेमतेम वर्षभर चालली. जून 1942 मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळ पेटली. 24 ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यात आजोबा होते. ती गोष्ट सांगताना ते हमखास उठून उभे राहत. यशवंतराव भूमिगत झाले, तेव्हा पोलिसांनी नव्या नवरीला तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्या आजारी पडल्या. त्यांना बघायला ते फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले. ‘बायकोला बघायला गेला म्हणून सापडला, न्हाईतर घावला नसता गडी,’ असं आजोबा म्हणत.

मग 1962. चीननं मारलं, कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी मुख्यमंत्री यशवंतरावांना मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी मला ते भूगोलाच्या पुस्तकातलंच वाटे.

गोष्टी इथवरच यायच्या. ऑक्टोबर 1974 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नसे. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. 1961 पासून पेकिंगमध्ये, म्हणजे आताच्या बीजिंगमध्ये, आपला राजदूत नव्हता. एप्रिल 1976 मध्ये तिथं पुन्हा राजदूत पाठवत असल्याची घोषणा संसदेत केली ती यशवंतरावांनीच. के. आर. नारायणन यांची नेमणूक झाली. ज्या चीनमुळे ते दिल्लीला गेले, त्याच चीनशी बोलणं पुन्हा सुरू करायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. लढाईनंतर सैन्याची फेरउभारणी केलेल्या माणसानं हे जाहीर केलं, म्हणून त्याला वजन आलं, असं मी मानतो. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. परदेशातून ते वेणूताईंना पत्रं लिहीत. काय पाहिलं, कोण भेटलं, सगळं सविस्तर.

पण ती वर्षं आणीबाणीची होती. स्वतः तुरुंग भोगलेला माणूस तेव्हा मंत्रिमंडळात बसून राहिला, हे आजोबांना सलत राहिलं. 1977 मध्ये काँग्रेस पडली, तरी साताऱ्यानं त्यांना निवडून दिलं आणि ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. आजोबांनीही मत त्यांनाच दिलं होतं. का दिलं, असं मी एकदा विचारलं. ‘आपलं माणूस चुकलं तर सांगावं, टाकू न्हाई,’ एवढंच म्हणाले.

यशवंतरावांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ 1946 पाशी थांबतं. दिल्लीच्या वर्षांवर ‘यमुनाकाठ’ लिहायचं त्यांच्या मनात होतं. 1983 मध्ये वेणूताई गेल्या, 25 नोव्हेंबर 1984 ला तेही गेले. पेकिंगला राजदूत पाठवताना आणि आणीबाणीत गप्प बसताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं राहूनच गेलं.