जांभळ्या टोमॅटोची कथा

एखादी कल्पना मनाला रुचली म्हणजे पुराव्याची वाट पाहण्याइतका धीर माणसाला राहत नाहीं. ‘अँटिऑक्सिडंट’ द्रव्यांचा इतिहास ह्याचीच साक्ष देतो. प्राणवायूवांचून आपण जगत नाहीं. परंतु त्याच्याच व्यापारांतून शरीरांत अतिचंचल कण उत्पन्न होऊन ते पेशींची झीज करतात, असा सिद्धान्त अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन ह्यांनीं १९५६ सालीं मांडला. ह्या कणांना आवर घालणारीं द्रव्यें भाज्यांत व फळांत असतात. मग तीं पिकांतच वाढविलीं तर आरोग्यहि वाढणार नाहीं काय?

नॉर्विच येथील जॉन इन्स सेंटरमध्यें कॅथी मार्टिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्नॅपड्रॅगन नांवाच्या फुलझाडांतील दोन जनुकें टोमॅटोंत घातलीं. फळ सालीपासून गाभ्यापर्यंत जांभळें झालें. कर्करोगाला सहज बळी पडणाऱ्या उंदरांना त्याची पूड अन्नांतून देण्यांत आली. साध्या अन्नावरील उंदीर सरासरी १४२ दिवस जगले, जांभळ्या टोमॅटोवरील १८२ दिवस. हें वृत्त २००८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें २०१२ सालीं ऑरेगन स्टेट विद्यापीठानें रानटी जातींशीं संकर साधून ‘इंडिगो रोझ’ हा टोमॅटो बाहेर आणला. त्याची साल जांभळी, गर मात्र तांबडाच. नॉर्विचच्या टोमॅटोचें बीं अमेरिकेंतील घरगुती बागाईतदारांना २०२४ पासून मिळूं लागलें.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन हें ह्याच वर्गांतलें द्रव्य. फिनलंडमध्यें धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष एका प्रयोगांत घेतले व त्यांतील कांहींना त्याच्या गोळ्या पांच ते आठ वर्षें दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, ही अपेक्षा. १९९४ सालीं निकाल लागला, तेव्हां गोळ्या घेणाऱ्यांत तो शेंकडा १८ नीं अधिक आढळला! अमेरिकेंतील तशाच एका प्रयोगाला १९९६ सालीं मुदतीपूर्वींच आवर घालावा लागला.

तर मग हा सारा उद्योगच व्यर्थ म्हणावयाचा काय? तसेंहि नाहीं. त्याच बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें. ह्या जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मोझांबिकमध्यें नारिंगी रताळ्यांची लागवड वाढविली, तेव्हां लहान मुलांच्या रक्तांतील त्याचें प्रमाण वाढल्याचें २००७ सालच्या अभ्यासांत दिसून आलें. द्रव्य एकच, परंतु एके ठिकाणीं तें उणीव भरून काढणारें अन्न होतें, दुसऱ्या ठिकाणीं भरल्या ताटावर ओतलेलें औषध.

जांभळा टोमॅटो माणसाचा कर्करोग टाळतो, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. तो आवडीनें खावा. आपल्या जांभळालाहि त्याच वर्गांतील रंगद्रव्यांनीं रंग दिला आहे, आणि तें आपण आवडीनेंच खात आलों. पिकाला रंग चढविणें हा शास्त्राचा विजय खरा; पण त्या रंगांत आयुष्य आहे किंवा नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार बाजाराचा नव्हे, प्रयोगाचा आहे.