थंड मातीतला बाकला

इंग्लंडमधल्या लेस्टरशर परगण्यात ‘बार्टन इन द बीन्स’ नावाचं एक छोटं गाव आहे. हे बीन्स म्हणजे बाकला. एकेकाळी या परगण्यात त्याचं पीक इतकं होतं की शेजारचे लोक लेस्टरशरवाल्यांची थट्टा करायचे: कॉलर धरून हलवलं तर यांच्या पोटात बाकला खुळखुळतो म्हणे! ही म्हण टॉमस फुलर यांनी नोंदवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६६२ साली निघालेल्या पुस्तकात ती छापून आली. थट्टा करणाऱ्यांच्या ताटातही बहुधा तोच बाकला असायचा.

दाणा चपटा, मोठा, जाड सालीचा. पाहताक्षणी मराठी माणसाला वाल आठवावा असा. नात्याने मात्र वाटाणा आणि मसूर त्याला जास्त जवळचे, आणि स्वभावही त्यांच्यासारखाच. वालाला ऊब हवी, बाकल्याला गारठा. माती पाच अंशांच्या आसपास असली तरी त्याचं बी उगवतं. उलट ऊन तापलं की फुलं गळतात. म्हणूनच उत्तर भारतात तो रब्बीत घेतात. इंग्लंडमध्ये काटक वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरले तर वीतभर रोपं बर्फात तग धरतात आणि मे संपता संपता शेंगा देतात. बाकीचे वाण फेब्रुवारीपासून पुढे पेरतात.

या वेळापत्रकाला एके काळी फार मोल होतं. एप्रिल-मेमध्ये कोठारातलं धान्य तळाला गेलेलं असे, जुना कोबी संपलेला आणि नवी भाजी अजून लांब. अशा दिवसांत परसातला कोवळा बाकला हाती येई. शेतातला मात्र वाळवूनच ठेवायचा. मध्ययुगीन गावांत जमिनीचे तीन भाग करत: एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतातले जव, ओट, वाटाणा आणि बाकला, तिसरा पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदले. लेस्टरशरची चिकण, जड माती बाकल्याला मानवत असे. बाकल्यानंतरचा गहू जोमदार येतो हे रोमन शेतकऱ्यांनाही ठाऊक होतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे मात्र जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिलं.

वाळलेला दाणा वर्षभर शिजत राहिला. पाणी, कांदा, पाला आणि बाकला यांची दाट पेज हेच गरिबाचं रोजचं जेवण. विल्यम हॅरिसन यांनी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं जे वर्णन केलं आहे, त्यात महागाईच्या वर्षी गरीब लोक बाकला, वाटाणा आणि ओट यांच्या पिठाची भाकरी खातात, असं म्हटलं आहे. श्रीमंतांनी तो हळूहळू घोड्यांच्या तोबऱ्यात ढकलला. आणि तिथून तो आणखी एका ठिकाणी गेला, जे सांगितल्याशिवाय या पिकाचा इतिहास पुरा होत नाही. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हे गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर डॉक्टर होते. १७८८ साली त्यांनी आपला अनुभव छापला. साखळदंडांत जखडलेल्या आफ्रिकन माणसांना जहाजावर मुख्यतः घोड्यांचा बाकला मिळे, शिजवून लगदा केलेला. इंग्लंडच्या शेतात पिकलेलं स्वस्त, टिकाऊ धान्य त्या व्यापाराला नेमकं सोयीचं होतं.

ते शेतात पेरायचं कोणी? पाभर सर्वत्र येण्याआधी बी टोकत असत. टोकदार काठीने भोक पाडायचं, त्यात दाणा टाकायचा, पायाने माती लोटायची आणि पुढे सरकायचं. थंड, ओल्या मातीत दिवसभर वाकून करायचं हे काम बव्हंशी बायका आणि मुलं करत.

या टोकणणीची आठवण एका नाचात राहिली आहे. १८९९ सालच्या २६ डिसेंबरला, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये, संगीतशिक्षक सेसिल शार्प सासुरवाडीला आले होते. हवामानामुळे कामं बंद पडलेले काही मजूर चार पैसे मिळवायला मॉरिस नाच करत दारी आले. त्यांच्यासोबत कॉन्सर्टिना वाजवणारे विल्यम किंबर गवंडी होते. शार्प यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून चाली लिहून घेतल्या. इंग्लंडमधल्या लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाला या भेटीने मोठी चालना दिली. त्या नाचांपैकी एकाचं नाव ‘बीन सेटिंग’, म्हणजे बाकल्याची टोकणणी. नाचणारे वाकून काठीची टोकं जमिनीवर आपटतात, बी टोकताना आपटावीत तशी. नाचणारे पुरुष, शेतात वाकणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

विसाव्या शतकात बाकला परसबागांत टिकून राहिला. फुलोरा आला की शेंडा खुडायचा, कारण काळा मावा आधी कोवळ्या शेंड्यावरच बसतो. खुडलेला शेंडा भाजीत घालायचा. अशा गोष्टी बागा करणाऱ्यांनी एकमेकांना शिकवल्या आणि दाणे पाकिटांत घालून शेजाऱ्यांना दिले. प्रत्येक घराण्याचं बियाणं वेगळं होत गेलं. मात्र ते शुद्ध ठेवणं सोपं नाही. डार्विन यांनी १८७६ च्या पुस्तकात आपला प्रयोग दिला आहे: जाळीखाली झाकलेल्या १७ रोपांना ४० दाणे आले, शेजारच्या उघड्या १७ रोपांना १३५. मधमाश्या आणि भुंगे नसतील तर पीक घटतं, आणि असतील तर ते शेजारच्या वाणाचे परागही घेऊन येतात.

मोठा धक्का दिला कायद्याने. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात गेल्यावर अधिकृत यादीत नसलेल्या भाजीपाल्याच्या वाणाचं बी विकायला बंदी आली. नोंदणीला पैसे लागत, आणि आजोबांच्या बाकल्यासाठी ते कोण भरणार? एसेक्समधल्या बॉकिंग इथे सेंद्रिय बागकामाची संस्था चालवणारे लॉरेन्स हिल्स याविरुद्ध उभे राहिले. विकायला बंदी आहे ना, मग सभासदांना वाटू या, अशी वाट त्यांनी काढली. १९७५ साली बियाण्यांचा हा संग्रह सुरू झाला. हिल्स यांचा हा निर्णय एखाद्या नव्या वाणाच्या शोधाइतकाच मोलाचा मानायला हवा.

१९७८ साली केंटमधल्या एका वृद्ध बाईंनी या संस्थेला आपल्याजवळचे मूठभर दाणे दिले. त्या बाकल्याची फुलं नेहमीसारखी पांढरी-काळी नव्हती, गडद किरमिजी होती. असा तांबड्या फुलांचा बाकला अठराव्या शतकापासून नोंदलेला आहे. आता तो जवळजवळ नामशेष झाला होता. सभासदांनी तो पांढऱ्या फुलांच्या वाणांपासून दूर लावला, शेंगा काळ्या पडून वाळेपर्यंत झाडावर राखल्या आणि दाणे परत पाठवले. आज त्याची पाकिटं ब्रिटनमध्ये अनेक बियाणेवाल्यांकडे विकत मिळतात.