सर्पगंधा व मनोविकारांवरील औषधांचे संशोधन

सर्पगंधा (अडकई) : करवीर कुलातील एक लहान बहुवर्षायू क्षुप, शास्त्रीय नाव राउल्फिया सर्पेंटिना. हिचे कडू मूळ उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर भारतात परंपरेने दिले जात असे. मनावर अंमल करणाऱ्या औषधांच्या आधुनिक संशोधनाचा पाया ज्या दोन द्रव्यांनी घातला, त्यांपैकी क्लोरप्रोमाझिन प्रयोगशाळेत घडविले गेले, तर रेसर्पिन याच मुळातून निघाले.

मुळाच्या चूर्णाने उन्माद शमतो व रक्तदाबही उतरतो, असे कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळातील अजमलीनादी अल्कलॉइडे वेगळी केली. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाने या ज्ञानाची दखल घेतली, ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी पन्नास रक्तदाबग्रस्तांवरील चाचणीचा तपशील १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडल्यानंतर. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी रेसर्पिन शुद्ध स्वरूपात मिळविले आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात त्याचा शामक परिणाम नमूद केला. वकील व क्लाइन या दोघांनाही १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले. मागणी वाढून रानातील झाडे उपटली जाऊ लागली, तेव्हा मुळांच्या निर्यातीवर भारत सरकारला निर्बंध घालावे लागले.

औषधाच्या गुणांपेक्षा त्याच्या दोषांनी शास्त्राला अधिक शिकविले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नतेने घेरले, तर मनोरुग्णांत कंपवातासारखा ताठरपणा दिसू लागला. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाला १९५५ मध्ये आढळले, की रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल होऊन कान पाडून बसलेल्या सशांना डोपा टोचले असता, ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. डोपामीन हा स्वतंत्र चेतासंदेशवाहक असल्याचे आणि कंपवातावर लेव्होडोपा देण्याचे विचार या प्रयोगमालेतूनच पुढे आले. संदेशवाहकांच्या न्यूनतेने नैराश्य येते, या उपपत्तीलाही रेसर्पिनचाच आधार घेतला गेला. मात्र औषध व नैराश्य यांचा संबंध आरंभी मानला गेला तितका निःसंदिग्ध नसल्याचे उत्तरकालीन परीक्षणांत दिसून आले.

अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध होताच मनोरोगचिकित्सेतून रेसर्पिन मागे पडले. मुंबईत मात्र या संशोधनाचे दोन धागे पुढे चालू राहिले : नैसर्गिक लेव्होडोपा असलेल्या खाजकुइलीच्या बियांची कंपवातावरील चाचणी अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि सीबाच्याच गोरेगाव येथील संशोधन केंद्रात नैराश्यावरील नायट्रोक्साझेपिन (सिंटामिल) हे औषध विकसित झाले.